नाहीतरची लाल चौकट

गेली बावीस वर्षं मी पोटासाठी 'जर' आणि 'नाहीतर' लिहिते. हसू नका, खरंच सांगते. माझे वडील ओझरच्या कारखान्यात विमानाच्या पत्र्याला रिव्हेट मारायचे. संध्याकाळी घरी आले की आज काय केलं हे सांगायला त्यांच्याकडे काहीतरी असायचं. मी सांगायचे, "आज एक अट लिहिली, बाबा." ते आईकडे बघायचे आणि म्हणायचे, "अट लिहायचा पगार देतात?" शेवटपर्यंत त्यांना माझा धंदा कळला नाही, आणि दोष त्यांचा नाही. मलाही नीट सांगता आलं नाही.

आता दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलंय तर एकदाचं सांगून टाकते. तुम्ही मोबाइलवर निकाल बघता, बुकिंग बघता, तेव्हा ते पान कुठे तयार करून ठेवलेलं नसतं. लांब कुठेतरी एक कॉम्प्युटर चोवीस तास चालू असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. त्याच्याकडे पानाचा साचा असतो, त्याला आम्ही टेम्प्लेट म्हणतो. साच्यात रिकाम्या जागा असतात आणि अटी असतात. तुम्ही तुमचा नंबर टाकला की सर्व्हर तुमची माहिती शोधतो, अटी लावून बघतो, पान भरतो आणि पाठवून देतो. जर पास असेल तर हे दाखव, नाहीतर ते दाखव. तुम्हाला फक्त उत्तर दिसतं. अट दिसत नाही, आणि ती लिहिणारी कॉलेज रोडवरच्या दीड खोलीच्या ऑफिसात बसलेली पगारे बाई तर अजिबातच दिसत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असतात. सिन्नरचे एक लॉन्सवाले होते. त्यांना अट हवी होती की कोणीही कुठलीही तारीख विचारली तरी पान 'बुक झाले आहे' असंच म्हणेल. मी म्हटलं, "अहो दादा, मग लोक येतील कशाला?" तर म्हणाले, "मॅडम, भरलेलं दिसलं की माणूस फोन करतो. मग आम्ही उपकार केल्यासारखी तारीख काढून देतो." मी ती अट लिहिली नाही. त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतली, आणि लॉन्स जोरात चाललंय म्हणे. आमचे एक गुरुजी होते, त्यांना अमावस्येला पूजेचं बटण लपवायचं होतं आणि काही अमावस्यांना मुद्दाम दाखवायचं होतं. कोणत्या त्या त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. दोन महिने मी पंचांग घेऊन बसले होते.

असल्या गोष्टी सांगून मी चहावर लोकांना हसवते. नर्सिंग कॉलेजची गोष्ट मात्र मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

नाशिकरोडच्या बाजूला एका ट्रस्टचं नर्सिंग कॉलेज आहे, मुलींचं. त्यांच्या प्रवेशाचं काम माझ्याकडे होतं. मुलीने अर्जाचा नंबर टाकायचा, पानाने सांगायचं. 'होय' असेल तर हिरवी चौकट: अभिनंदन, आपली निवड झाली आहे, अमुक तारखेला संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे. नाहीतर लाल चौकट: आपली निवड झालेली नाही. मी ती अट लिहिली तेव्हा चहाचा कप खालीही ठेवला नव्हता. दोनच तर शक्यता, त्यात डोकं काय लावायचं!

पहिली यादी त्यांच्या सॉफ्टवेअरमधून आली, काही अडचण नाही. दुसरी यादी छोटी होती, सुटलेल्या जागांची. ती कॉलेजच्या ऑफिसातल्या बोरस्ते भाऊसाहेबांनी हाताने टाइप करून पाठवली. हाताने केलेली ती पहिलीच यादी. बोरस्ते म्हणजे पंचायत समितीत हयात काढलेला हेडक्लार्क, निवृत्त झाल्यावर इथे बसलेला. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव कारल्यासारखा. यादी आली, मी वरच्या चार ओळी बघितल्या. होय, नाही, होय, नाही. ठीक आहे म्हटलं आणि चढवून टाकली.

हजर राहायच्या शेवटच्या दिवशी, दुपारचे बारा वाजून गेले होते, भाऊसाहेबांचा फोन आला.

"ताई, तुमचं मशीन खोटं बोलतंय."

"मशीन खोटं बोलत नाही, भाऊसाहेब. काय झालं ते सांगा."

"निफाडचे एक पालक इथं टेबलावर हात आपटतायत. म्हणतात, कमी मार्कांच्या मुलीला घेतलं, माझीला लाल दाखवलं. मी यादी बघितली. तिची निवड झालीय हो! माझ्या कागदावर होय आहे आणि तुमच्या पानावर नाही."

मी फाइल उघडली, त्या मुलीच्या ओळीवर गेले. 'निवड' या रकान्यात होय नव्हतं, नाही पण नव्हतं. दोन बारक्या तिरक्या रेघा होत्या.

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. जुन्या माणसांची रजिस्टरं ज्यांनी पाहिली असतील त्यांना माहीत आहे. वरच्या ओळीतलंच खाली पुन्हा लिहायचं असेल तर पुन्हा लिहीत नाहीत. खाली दोन रेघा मारतात. वरीलप्रमाणे. पस्तीस वर्षं भाऊसाहेबांनी तसंच लिहिलं, आणि कॉम्प्युटरवरही तसंच केलं. माणूस रेघा बघितल्या की डोळा वर नेतो. सर्व्हर वर बघत नाही. त्याने विचारलं, हे 'होय' आहे का? नाही. मग नाहीतर. लाल.

'नाही'च्या खालच्या रेघा नशिबाने बरोबर ठरल्या होत्या. 'होय'च्या खाली रेघा असलेल्या मुली तीन होत्या.

"भाऊसाहेब, अहो रेघा कशाला मारल्या?" मी अक्षरशः ओरडले. "कॉम्प्युटर आहे तो, तुमचं आवक-जावक नाही!"

"मग मला कोणी सांगितलं होतं का?" तेही चिडले. "जगाला कळतं रेघा म्हणजे काय."

मी फोन तसाच चालू ठेवून आधी यादी दुरुस्त केली. दहा मिनिटांत तिघींची चौकट हिरवी झाली. पण हिरवी झाली म्हणून काय! ज्या मुलीने तीन दिवसांपूर्वी लाल बघितलं ती आज पुन्हा कशाला बघेल? आणि घड्याळात साडेबारा. प्रतीक्षायादीचं पान वेगळं होतं. पाच वाजता रिकाम्या जागा आपोआप त्या यादीला जाणार होत्या, त्या मुलींना मेसेज जाणार होते. तीही अट मीच लिहिलेली.

मी प्राचार्या मॅडमना फोन लावला. म्हटलं, चूक आमची आहे, एक दिवस वाढवून द्या.

"पगारे मॅडम, माहितीपत्रकात पाच छापलंय," त्या म्हणाल्या. "आणि प्रतीक्षायादीतली पहिली मुलगी सकाळपासून आईला घेऊन फाटकाशी बसलीय. भाऊसाहेबांनीच सांगितलं तिला की तीन जागा रिकाम्या दिसतायत. तिला मी काय सांगू?"

मी फोन ठेवला आणि मुलींच्या अर्जांवरचे नंबर काढले.

निफाडच्या पालकांनी मुलीला तिथूनच फोन केला, ती निघाली. घोटीच्या मुलीला फोन लागला, तिच्या आईने दोनदा विचारलं, "नक्की ना? चेष्टा नाही ना?" आणि ती पण निघाली. राहिली तिसरी, मनीषा गावित, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. अर्जावर नंबर तिच्या काकूचा होता आणि तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मी लावते, ते लावतात, पुन्हा मी लावते. दीड वाजता एकदाचा लागला.

"मनीषा नाय हाय," काकू म्हणाली. "कामाला गेली. गिरणाऱ्याला, टमाट्यावर."

"कोणाच्या मळ्यात?"

"ते नाय ठावं. मुकादमाच्या जीपनं जातात समदी. तिचं नाय झालं ना नंबरात, म्हून गेली. लय रडली ओ पोर."

मी गाडीची किल्ली उचलली. भाऊसाहेबांना सांगितलं, मी निघते. ते म्हणाले, "ताई, तुम्ही? शिपाई पाठवतो ना." मी म्हटलं, "शिपायाने लिहिली होती का अट?" हे त्यांना टोचायला म्हणाले होते की स्वतःला, आजही सांगता येणार नाही. तोपर्यंत मनात सगळा राग त्या रेघांवरच होता.

गंगापूर रोडने गिरणारे म्हणजे एरवी अर्ध्या तासाचा रस्ता. त्या दिवशी तो संपता संपेना. गिरणाऱ्याच्या चौकात सकाळी मजुरांची नुसती झुंबड असते, दुपारी तिथे कोणी नसतं. टोमॅटोच्या क्रेटचे ढीग आणि टपरीवर दोन माणसं. मी विचारलं, पेठकडच्या मुली कुठे गेल्यात कामाला? टपरीवाला हसला. "मॅडम, पेठकडच्या मुली सगळीकडेच गेल्यात." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, कदाचित माझं तोंड बघून असेल, त्याने एका पिकअपवाल्याला हाक मारली. पिकअपवाल्याने एका मुकादमाला फोन लावला. त्या मुकादमाने दुसऱ्याचा नंबर दिला. दुसरा म्हणाला, "गावित मनीषा? हाय ना. दुगावच्या रस्त्याला, पाण्याच्या टाकीपासून आत." तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

टाकीपासून आत गाडी जाईना. चिखलातून चपला हातात घेऊन गेले. बांबू आणि तारेवर चढवलेल्या टोमॅटोच्या सऱ्या, त्यात दहा-बारा बाया. मी ओरडून नाव घेतलं तशी एक बारकी मुलगी उभी राहिली. डोक्याला ओढणी, हात पाल्याने काळे-हिरवे झालेले.

"मनीषा, तुझी निवड झालीय. नर्सिंगला. चल, पाचच्या आत पोचायचंय."

ती हललीच नाही. मला वाटलं होतं आनंदाने उडी मारेल. उलट तीच माझी समजूत घालायला लागली.

"नाही मॅडम. मी बघितलं ना पेठला जाऊन. लाल आलं होतं."

"ते चुकीचं आलं होतं."

"दोनदा बघितलं मी. दुसऱ्या दिवशी पण बघितलं. लालच होतं."

मी माझा फोन तिच्या पुढे धरला. नंबर तिने स्वतः टाकला, एकेक आकडा, ओढणीला बोट पुसून. हिरवी चौकट आली. ती तिच्याकडे बघत राहिली, मग शेजारच्या बाईला दाखवली, आणि मगच माझ्याकडे बघितलं.

"कागद? मूळ कागद कुठे आहेत?" माझा जीव आता त्यात अडकला होता. ते पाड्यावर असतील तर सगळं संपलं.

"हितंच आहेत. घर गळतंय, म्हणून संगती ठेवते." शेडमधल्या पिशवीतून तिने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल आणली. दाखला, गुणपत्रक, जातीचं प्रमाणपत्र, सगळं इस्त्री केल्यासारखं. त्या फाइलला मी मनातल्या मनात हात जोडले.

 गंगापूर गाव गेलं तेव्हा गाडीत तिने विचारलं, "मॅडम, चुकीचं कसं आलं?"

मी तिला सांगितलं. रेघा, सर्व्हर, साचा, अट. सोपं करून सांगितलं, आणि बोरस्ते भाऊसाहेबांवर चार शब्द जास्तच टाकले. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या पानाला रेघा कळल्याच नाहीत."

"हो ना."

"मग कळलं नाही असं लिहायचं ना त्यानं," ती म्हणाली. "नाही झाली असं कशाला लिहिलं?"

तिने हे भांडायला विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.  पण ते पान आपणहून काही लिहीत नाही. मी लिहिलं होतं. 'होय' नसेल तर 'नाही', हे मी ठरवलं होतं, चहाचा कप हातात धरून. तिसरी एक अट लिहायची होती फक्त: 'नाही' असेल तरच लाल, आणि दोन्ही नसेल तर सांग की माहिती स्पष्ट नाही, कार्यालयाला फोन करा. दोन ओळींचं काम. भाऊसाहेबांच्या रेघा माणसाला कळतील अशा होत्या. माझं 'नाहीतर' मात्र ज्याला ओळखत नाही त्याला सरळ घरी पाठवत होतं.

"माझं चुकलं, मनीषा," मी म्हटलं. "ते पान मी लिहिलंय."

"अच्छा," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

सीबीएस बसस्टँडपर्यंत ठीक आलो. पुढे द्वारकेच्या चौकात अडकलो. पुढे ट्रक, मागे बस, डावीकडे रिक्षावाला मला शिव्या घालतोय. चार चाळीस. मी हॉर्न दाबून धरला होता, जसं काही त्याने काही होणार होतं. भाऊसाहेबांना फोन लावला.

"भाऊसाहेब, आम्ही द्वारकेला आहोत. ती माझ्या शेजारी बसलीय. तुम्ही कॉम्प्युटरवर हजर करून टाका तिला. सही आल्यावर घेऊ."

 ते म्हणाले, "नाही जमायचं, ताई."

"अहो मुलगी गाडीत आहे! फोन देऊ का तिच्याकडे?"

"माणूस समोर नाही आणि मी हजर लिहू? मग माझ्यात आणि तुमच्या मशीनमध्ये फरक काय राहिला? या तुम्ही. मी रजिस्टर उघडून बसलोय."

मी फोन सीटवर फेकला. चीड आली, आणि रडूही आलं. मनीषा हळूच म्हणाली, "मॅडम, सिग्नल सुटला."

कॉलेजच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा पाचला सात मिनिटं होती. गाडी वाटेतच सोडून आम्ही पळालो. मी पन्नाशीची बाई, अनवाणी, पायाला चिखल. ती माझ्यापुढे, फाइल छातीशी धरून. भाऊसाहेब टेबलाशी उभेच होते. तिच्या हातांकडे बघून म्हणाले, "आधी हात पूस, बाळा. कागद खराब होतील," आणि स्वतःचा रुमाल दिला. एकेक कागद त्यांनी चष्मा वर-खाली करून तपासला. मी घड्याळ बघत होते आणि ते तारखा वाचत होते! मग त्यांनी हजेरीचं रजिस्टर पुढे ओढलं.

वरच्या ओळीत घोटीची मुलगी. हजर. तिच्या खाली निफाडची. तिथे, त्याच दिवशी दुपारी, माझं एवढं ओरडणं ऐकून झाल्यावरही, दोन रेघा. सवय कुठे जाते! त्याच्या खाली त्यांनी लिहिलं, गावित मनीषा. पेन शेवटच्या रकान्यावर गेलं आणि तिथे थांबलं. मग त्यांनी पूर्ण शब्द लिहिला, 'हजर', आणि वर जाऊन निफाडच्या मुलीच्या रेघांवरही तोच शब्द गिरवला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.  मनीषाने सही केली, त्यांनी कॉम्प्युटरवर बटण दाबलं. चार वाजून सत्तावन्न मिनिटं.

मी पाणी प्यायला बाहेर आले. जिवात जीव आला होता. आणि फाटकाजवळच्या कट्ट्यावर त्या दोघी दिसल्या. प्रतीक्षायादीतली पहिली मुलगी आणि तिची आई. आम्ही धावत आत गेलो ते त्यांनी बघितलं होतं, पण ते कशासाठी हे त्यांना कसं कळणार? मुलीच्या हातात मोबाइल होता. ती पान पुन्हा पुन्हा उघडत होती.

मला पाहून ती उठून उभी राहिली. "मॅडम, तुम्ही ऑफिसच्या का? यात अजून 'प्रतीक्षायादी क्रमांक एक' असंच येतंय. पाचला बदलेल ना?"

बदलणार होतंच. तीन मिनिटांनी पान आपोआप म्हणणार होतं की जागा शिल्लक नाही. मी काही न बोलता आत निघून गेले असते तरी चाललं असतं, काम माझ्या चौकटीने केलं असतं. बावीस वर्षं तीच करत आली होती. किती जणांना मी 'नाही' म्हटलंय याची मोजदाद नाही, पण एकाचंही तोंड मी बघितलेलं नव्हतं.

"जागा भरल्या, बाळा," मी म्हटलं. "तिन्ही. आत्ताच. रिकाम्या आहेत असं तुम्हाला सांगितलं गेलं ते आमच्या चुकीमुळे. माझ्या चुकीमुळे."

तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. मी तिथून हलले नाही एवढंच सांगते. आईने डबा पिशवीत घातला, पाण्याची बाटली घातली, पदर खोचला.

"बरं झालं तुम्ही सांगायला आल्या," ती म्हणाली. "नाहीतर बसलोच असतो."

मुलीने मोबाइल बंद केला, आणि दोघी बस स्टॉपकडे चालायला लागल्या.